मायाक्कांची टरफलं

परवा नवी बॉडी आली. खोका फोडला आणि आधी तिला मोरीत नेऊन साबणानं धुतलं. आतून, बाहेरून, चाकांवरच्या कमानींत बोट घालून. मग गच्चीवर सावलीत पालथी घातली. बायको म्हणाली, घरातली ताटं कधी इतक्या मायेनं घासली नाहीत. हे धुणं मला ज्यांनी शिकवलं त्या मायाक्का आता मिरजेत राहत नाहीत. पण हाताला फेस लागला की त्यांचा आवाज ऐकू येतो, "वरनं स्वच्छ दिसतंय म्हणून स्वच्छ असतंय व्हय रं?"

बॉडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. आम्ही काही वाढलेली पोरं रिमोटवरच्या गाड्या पळवतो. जत्रेत दोरीला टांगलेल्या असतात त्या नव्हेत. चांगल्या हातभर लांब, मातीत उड्या मारणाऱ्या. खाली चाकं, मोटर, बॅटरी, आणि वरून झाकायला पातळ प्लास्टिकचं गाडीच्या आकाराचं कवच. ते कवच म्हणजे बॉडी. ती पाण्याच्या बाटलीसारखी पारदर्शक येते आणि आतल्या बाजूनं रंगवायची असते. गाडी उलटून मातीत घासली तरी रंग आत सुखरूप राहावा, म्हणून. पण आतून रंगवायचं म्हणजे सगळं उलटं होऊन बसतं. भिंतीला जो रंग शेवटी देतात तो इथं पहिला. गडद आधी, फिका मागून. आकडे आरशातल्यासारखे उलटे काढायचे. आणि चिकटपट्टीखालून थेंबभर रंग पलीकडं झिरपला, तर तो काचेत अडकलेल्या माशीसारखा जन्मभर दिसत राहतो. असल्या थेंबापायी चाळिशीची माणसं ताटावरून उठलेली मी पाहिली आहेत.

माझी साताऱ्याहून सांगलीला बदली झाली तेव्हा माझ्याजवळ अशीच एक बिघडलेली बॉडी होती. निळे पट्टे पट्टीखालून पसरले होते. ते काढायला मी घाईनं हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर चोळलं, तर पुढची काचच धुरकट झाली. पलूसला विक्रम म्हणून माझा मित्र आहे, पोल्ट्रीवाला. शेताचा एक कोपरा त्यानं ऊस न लावता मोकळा ठेवलाय. रविवारी आमच्या गाड्या तिथं पळतात. त्यानं ती बॉडी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "मिरजेला ने. सिस्टरकडं."

मला वाटलं गडी चेष्टा करतोय. मिरजेत दवाखाने गल्लोगल्ली, पण ते माणसांचे.

तंतुवाद्यांच्या दुकानांमागच्या एका गल्लीत या सिस्टरचं, म्हणजे मायाक्कांचं घर होतं. समोरच्या गच्चीवर तंबोऱ्यासाठी आणलेले भोपळे वाळत असायचे. ओट्यावर एक उंच, काळीसावळी, पांढऱ्या केसांची बाई तांदूळ निवडत बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि छातीशी पिनेनं उलटं घड्याळ लावलेलं. मी पिशवीतून बॉडी काढायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"आदी हात धू. नळ तिकडं हाय."

हात धुऊन आलो, तर प्रश्न सुरू झाले. कधी रंगवली? कोणत्या डब्यातल्या रंगानं? रंग देण्याआधी धुतली होती का? बिघडल्यावर काय काय लावलं? मी थिनर सोडून सगळं सांगितलं. त्यांनी बॉडी नाकाशी नेली, वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. मग मी थिनरही सांगितलं.

"असं सांगायचं. काय लावलंय ते कळल्याबिगर मी काय लावू?"

जन्म त्यांचा जत तालुक्यातला, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या वाडीतला, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. तिथून नर्सिंगला कशा आल्या ही मोठी कथा आहे, ती त्यांनी मला कधी सबंध सांगितली नाही. नोकरी सगळी मिरजेत झाली, त्यातली बरीचशी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. रिटायर झाल्या तरी रीत तीच राहिली. बॉडीला त्या टरफल म्हणायच्या, भुईमुगाचं असतं तसं. बिघडलेल्या टरफलाला पेशंट म्हणायच्या. माझ्या धुरकट काचेवर बोट फिरवून म्हणाल्या, "ह्याला मोतीबिंदू झालाय. हा काय जायचा न्हाई. काच काळी करून टाकू, मुंबैच्या गाड्यांसारकी. बाकीचं बघते."

उदबत्तीच्या रिकाम्या काड्या त्यांनी जपून ठेवलेल्या होत्या. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये बुडवून पिळायचा आणि चुकलेल्या रंगाची कड हलकेच पुसायची. एक पुसणं, एक बोळा. वापरलेला बोळा परत टरफलाला लागला नाही पाहिजे. पुसायचं ते चांगल्या रंगाकडून वाईटाकडं, उलटं कधीच नाही. मी मध्येच म्हणालो, आक्का, अजून थोडी निळी झाक दिसतेय. त्यांनी काडी खाली ठेवली.

"साकू."

साकू म्हणजे कानडीत पुरे. हा त्यांचा शेवटचा शब्द. साकू म्हटल्यावर ब्रह्मदेव आला असता तरी त्यांनी आणखी एकदा पुसलं नसतं. त्यांचं म्हणणं, बिघडलेलं तेवढ्यानं मरत नाही, मरतं ते जास्त पुसल्यानं. हा शब्द पुढं आमच्या सगळ्या टोळीत पसरला. विक्रमची बायको ताटात भात वाढताना तो साकू म्हणतो आणि तिलाही ते कळतं.

त्या दिवशी आतल्या खोलीच्या दारात एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मिशा कातरलेल्या, उजवा हात मांडीवर जरा वेडावाकडा पडलेला. हे त्यांचे यजमान. फौजेत ट्रक चालवायचे, हवालदार म्हणून सुटले होते. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसे हेही मेजर. मी होतो तेवढ्या वेळात ते एकदाच बोलले. निघताना मी माझी रिमोटची गाडी गल्लीत जराशी पळवली, तिच्याकडं बघून सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "पुढचं चाक... डावीकडं... ओढतंय." घरी येऊन पाहिलं तर खरंच ओढत होतं.

हा सगळा उद्योग मेजरांपासूनच सुरू झाला होता. ते मला मायाक्कांनीच सांगितलं, पण एका बैठकीत नाही. कधी भाजी निवडताना, कधी काडीला कापूस गुंडाळताना, असं तुकड्यातुकड्यानं.

मेजरांना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पाय सावरला, पण उजवा हात आणि जीभ दोन्ही रुसले. बोलायला जावं तर शब्द भलताच यायचा. पाणी मागायचं असलं तर चप्पल म्हणायचे. लोक हसू दाबतात हे त्यांना कळायचं, म्हणून त्यांनी बोलणंच सोडून दिलं. व्यायाम शिकवायला येणारा पोरगा म्हणाला होता, बोटांना काही ना काही काम द्या. मुलगा पुण्यात नोकरीला. तो रिमोटची गाडी घेऊन आला. रिमोटला पिस्तुलासारखा खटका असतो आणि बाजूला लहानसं चक्र. मेजर आधी हात लावेनात. मग एके दिवशी मायाक्का बाजारातून आल्या, तर गाडी ओट्याखालच्या गटारीत पडलेली आणि मेजर कठड्याला धरून तिच्याकडं बघत उभे. कोणाच्या आधाराशिवाय ते पहिल्यांदाच दारापर्यंत आले होते.

मग मुलानं कोरी बॉडी पाठवली. मेजरांना ती त्यांच्या जुन्या ट्रकसारखी हिरवी करायची होती, मधून एक पिवळा पट्टा. डाव्या हातानं, ब्रशनं ते रोज थोडं थोडं रंगवत राहिले. त्या दिवसांत ते वेळेवर जेवायचे आणि रात्री शांत झोपायचे, असं मायाक्का सांगायच्या. पण रंगवण्याआधी ती धुवायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर तेलाचा पातळ थर असतो, तो तसाच राहिला. शेवटी चिकटपट्टी ओढली, तर पट्टीबरोबर हिरवा रंगही लांबलचक सालपटासारखा सोलून निघाला. मेजरांनी ती बॉडी पायानं पलंगाखाली ढकलली आणि भिंतीकडं तोंड केलं. दोन घास खायचे ते फक्त बायकोकडं पाहून.

"मला ह्यातलं काय ठावं हुतं?" मायाक्का म्हणाल्या. "ड्रेसिंग येतंय, तेवढंच. सोललेलं हाय, तर कडा आदी साफ केल्या पायजेत, एवढं कळत हुतं."

सकाळचं ऊन ओट्यावर आल्यावर त्या स्पिरिट आणि कापूस घेऊन मेजरांच्या शेजारी बसल्या आणि कडा पुसायला लागल्या. मेजर बघत नव्हते. मग बघायला लागले. पुसता पुसता मायाक्कांची काडी पिवळ्या पट्ट्यावर गेली. तेवढा एक पट्टा सबंध बॉडीत सरळ उतरला होता.

मेजर म्हणाले, "तिथं नको."

कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून नेमकं जे म्हणायचं तेच निघालं होतं. मायाक्का हातातला बोळा वाळेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मग विचारलं, "मग कुटं?" मेजर म्हणाले, "खाली." दुपारपर्यंत त्या पुसत होत्या आणि ते सांगत होते.

आमच्यातले लोक ही गोष्ट सांगताना म्हणतात की आक्कांनी मुद्दामच चुकीच्या जागी काडी नेली, त्यांना बोलतं करायला. मीही एकदा तसं म्हणालो. त्या चक्क रागावल्या.

"मुद्दाम कसलं? खरंच चुकले मी. माज्या चुकीचं श्रेय मला कशाला देतोस?"

ती हिरवी बॉडी विक्रमनं कुठंतरी पाहिली, स्वतःची बिघडलेली घेऊन आला, आणि तिथून पुढं रांग लागली. पैशाचं कुणी काढलं तर त्या तांदूळ निवडायला घ्यायच्या. मग लोक कृष्णाकाठची वांगी न्यायचे, कुणी गूळ, कुणी काकवी. साताऱ्याचा एक जण कंदी पेढे न्यायचा. ते मेजरांना चालत नसत, म्हणून आल्यागेल्याला मिळायचे.

एकदा पाचगणीच्या एका निवासी शाळेतल्या लीना मॅडम आमच्याकडं आल्या. त्यांच्या मुलींनी अशा गाड्या जोडल्या होत्या, पालक येणार होते, आणि रंगकाम सगळं फसलं होतं. मॅडमना बॉड्यांचा खोका मिरजेला पाठवायचा होता. मायाक्का म्हणाल्या, पेशंट हलवायचे नाहीत, डॉक्टरनं जायचं असतं. विक्रमच्या गाडीतून आम्ही निघालो. मेजर माकडटोपी घालून पुढं बसले होते. पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणाला त्यांचा डावा हात नकळत गिअर टाकत होता.

मायाक्कांनी तिथं स्वतः एकही बॉडी पुसली नाही. मुलींना गोल बसवलं, आणि प्रत्येकीनं काय केलं ते मोठ्यानं सांगायचं असं ठरवलं. एकीनं ओल्यावरच दुसरा हात दिला होता, दुसरीनं पट्टी काढायला घाई केली होती. सांगता सांगता चूक कुठं झाली ते त्यांचं त्यांनाच कळत होतं. काड्या, कापूस, स्पिरिट वाटून झालं. तन्वी नावाची मुलगी मात्र पुढं येईना. तिनं आपली बॉडी पाठीमागं धरली होती.

तिनं ती बाहेरून रंगवली होती. सगळी निळी, सुंदर, गुळगुळीत, आणि पहिल्याच उलथापालथीत खरवडून जाणारी. बाकीच्या मुली दोन दिवस तिला हसत होत्या. मायाक्कांनी ती हातात घेतली, निळ्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, तुला सगळ्यात जास्त आवडतो तो दुसरा रंग कुठला? नारिंगी, ती म्हणाली. "मग आतनं नारिंगी मार सगळी. निळा खरचटंल तिथं नारिंगी दिसंल. जा, पळीव आणि पाड किती पाडायची ती."

संध्याकाळी मैदानावर बाकीच्या गाड्या मुली जपून चालवत होत्या. तन्वी आपली गाडी दगडांवरून, पायऱ्यांवरून, दुसऱ्या गाड्यांना धडका देत नेत होती, आणि दर धडकेला निळ्यातून एक नवी नारिंगी रेघ फुटत होती. दिवस मावळला तेव्हा ती गाडी आगीच्या ठिणग्या अंगावर घेऊन आल्यासारखी दिसत होती. दोन मुली लीना मॅडमना विचारत होत्या की त्यांनाही बाहेरून रंगवता येईल का. मायाक्का शालीत गुरफटून बाकावर बसून स्ट्रॉबेरी खात होत्या. आंबट आहे म्हणाल्या आणि वाटी संपवली.

मनापासून संतापलेल्या मी त्यांना एकदाच पाहिलं, विक्रमवर. त्यानं रंग काढायला पेट्रोल लावलं होतं आणि विचारल्यावर साफ नाही म्हणाला. मायाक्कांच्या हातातच ती बॉडी कडेनं तडकली. त्या मोठ्यानं काही बोलल्या नाहीत. तुकडे कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिले आणि सांगितलं की खोटं सांगणाऱ्या पेशंटला औषधही खोटंच लागतं. पुढं बरेच रविवार विक्रम त्यांच्या ओट्यावर चढला नाही. एकदा नुसता फाटकापाशी घोटाळत होता, तेव्हा आतून आवाज आला, "वांगी आणली असलास तर ये." त्यानं आणली होती.

त्यानंतरच्या वर्षी, उन्हाळ्यात, विक्रमच्याच एका बॉडीवर त्या काम करत होत्या. मीही ओट्यावर होतो. चूक होती बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात. मायाक्का पुसत होत्या उजवा. चांगला, कोरा करकरीत रंग बोळ्यावर येत होता. विक्रमनं माझ्याकडं पाहिलं, मी विक्रमकडं. त्यांना सांगणार कोण?

मेजर खुर्चीतून म्हणाले, "तिथं न्हाई. तू चांगलंच पुसाय लागलीयास."

मायाक्का थबकल्या. म्हणाल्या, आज आभाळ आलंय, उजेड नाही.

"उजेड लय हाय," मेजर म्हणाले. "तुला दिसत न्हाई. लय दिवस झालं. तांदळात खडा लागतोय, मी बोललो न्हाई. सुईत दोरा मी ववून ठेवतोय, तुला वाटतंय तूच ववलायस."

इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मायाक्का उठून आत गेल्या. भांडी घासलेलीच होती, ती परत घासल्याचा आवाज येत राहिला.

डोळ्यांच्या थिएटरमध्ये ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना स्वतःच्या डोळ्यात काय होतंय ते कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. पण काही दिवस त्यांनी टरफलं घेतली नाहीत. शेवटी मी एकटाच गेलो होतो तेव्हा मला म्हणाल्या, "सातारकर, टेबलाच्या ह्या अंगाला मी उभी ऱ्हायले रं जल्मभर. त्या अंगाला झोपायचं म्हंजे भ्या वाटतंय. आणि मी आडवी पडले तर ह्येंच्या गोळ्या कोन देणार, भाकरी कोन करणार?"

मेजर आतून ऐकत होते. म्हणाले, "भाकरी मी बघतो."

ऑपरेशनला आम्ही विक्रमच्या गाडीतूनच गेलो. मेजरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बाकावर ते पाठ ताठ करून बसले. तासाभरात डॉक्टर हसत बाहेर आले. सांगितलं, सगळं उत्तम झालं, फक्त पेशंट झोपल्या जागेवरून आमच्या सिस्टरला कापड नीट अंथरायला सांगत होत्या. मेजरांनी दोन्ही हात जोडले. उजवा जरा उशिरा पोहोचला, पण पोहोचला.

भाकरीही त्यांनी खरंच केली. डाव्या हातानं पीठ मळून, उजव्याचा नुसता टेकू देऊन. मी डबा घेऊन गेलो होतो, तो तसाच परत आणावा लागला. मायाक्कांनी ती भाकरी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं गपगुमान खाल्ली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर ताटात पाहिलं आणि म्हणाल्या, कर्नाटकाचा नकाशा बरा काढलाय. मेजर खूश होऊन हसले.

खरी गंमत त्याच्या पुढं झाली. पट्टी निघाल्यावर त्या ओट्यावर आल्या, समोरच्या घरावर ताणलेल्या ताडपत्रीकडं पाहिलं आणि बराच वेळ बघतच राहिल्या.

"निळा असा असतोय व्हय?"

मोतीबिंदू पिकत जातो तसा सगळ्या जगावर पिवळट पडदा चढतो, आणि निळ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. त्यांनीच ते कितीतरी पेशंटना सांगितलं असेल. आता त्यांनी फळीवर पडलेलं एक निळं टरफल उचललं. चुकलेला रंग पुसून जिथं ठिगळ दिलं होतं, तिथं निळा वेगळा होता. जरा हिरवट, शेवाळी. दुसरं उचललं, तेही तसंच. त्यांनी कपाळावर हात मारला आणि फोन घेतला. सगळ्यांना एकच निरोप गेला, निळी टरफलं घेऊन या, मी पुन्हा करून देते.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या ओट्यावर जमलो, पण बॉडी कुणीच आणली नव्हती. विक्रमनं सांगितलं की त्या वेगळ्या निळ्याबद्दल त्याची आधीपासून एक थिअरी होती. दुरुस्ती लपवायची नाही, ती दिसली पाहिजे, असं आक्कांचं तत्त्व आहे, असं तो साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या लोकांना रविवार रविवार समजावून सांगायचा. ते लोकही मान डोलवायचे. एकानं तर मुद्दाम तसलंच ठिगळ स्वतः लावून पाहिलं होतं, त्याला जमलं नव्हतं. हे ऐकताना मायाक्कांचा चेहरा आधी कडक झाला, मग ओठ हलायला लागले, आणि मग त्या पदर तोंडाशी धरून इतक्या हसल्या की मेजर पाणी आणायला उठले.

"तत्त्व कसलं रं, मुडद्या. दिसत नव्हतं मला."

तरी त्यांचा हट्ट सुटेना. निदान तुझं तरी आण, असं मला म्हणत राहिल्या. मी म्हणालो, माझी बॉडी मला आहे तशीच हवी. पाचगणीला फोन लावला तर तन्वीनंही गाडी द्यायला नकार दिला. तिच्या गाडीला तर ठिगळच नव्हतं, पण तिला वाटलं कुणीतरी ती कायमची मागतंय. शेवटी मेजरांनी निकाल दिला. "चालती गाडी हाय ना? मग हात लावू नगं." ट्रक चालवणाऱ्याचा तो कायदा असावा. मायाक्कांनी फोन खाली ठेवला आणि आम्हाला चहा टाकायला उठल्या.

पुढं जतकडच्या त्यांच्या माहेरच्या वाडीला कालव्याचं पाणी आलं. भावानं थोडी जमीन बहिणीच्या नावानं ठेवली होती. तिथं डाळिंब लावलं, दोन खोल्या बांधल्या, आणि मायाक्का मेजरांना घेऊन तिकडं राहायला गेल्या. निघताना त्यांनी आम्हाला काही उपदेश केला नाही. उदबत्तीच्या काड्यांचा एक जुडगा विक्रमला दिला आणि म्हणाल्या, कापूस तुमचा तुम्ही आणा.

गेल्या हिवाळ्यात मी एकदा जाऊन आलो. वाडीपर्यंतचा रस्ता नवा होता, दोन्ही बाजूंना अजून कच्ची माती. मेजर काठीशिवाय बांधावरून येत होते. मला म्हणाले, इथं ट्रॅक लय भारी होतोय, पण मेंढरं आडवी येतात. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, ताक असं जेवण झालं. मायाक्का मेंढरांबद्दल, डाळिंबावरच्या ठिपक्यांबद्दल, भावाच्या सुनेबद्दल बोलत होत्या. ती नर्सिंगचा फॉर्म भरणार होती. रंगाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. मला वाटलं, संपलं ते प्रकरण.

एसटी दुपारची होती. दोघंही फाट्यापर्यंत सोडायला आले. बस वळून निघाली तसा मी खिडकीतून मागं पाहिलं. मेजर हात हलवत होते. मायाक्का मात्र माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांनी पदराआडून एक नुकतंच रंगवलेलं टरफल काढलं होतं, ते दोन्ही हातांनी डोक्यावर सूर्यासमोर धरलं होतं, आणि रंगाचा थर कुठं पातळ राहिलाय ते मान वाकडी करून शोधत होत्या. त्यांच्या सबंध चेहऱ्यावर, पांढऱ्या केसांवर, खांद्यावरच्या पदरावर निळा उजेड पडला होता.